धाकटी येईपर्यंत

आमच्या गावात लाईट जाणं ही काही बातमी नाही. इस्लापूरच्या आत, डोंगराच्या कडेला गाव. आभाळ नुसतं गुरगुरलं तरी लाईट आधी जाते आणि पाऊस मागून येतो, आला तर. माहेरी गेले की मी बॅटरी उशाशी घेऊनच झोपते. त्यामुळे त्या मे महिन्यात दुपारी वादळी वावधान सुटलं आणि छताचा पंखा गरगरत थांबला, तेव्हा मला पहिल्यांदा काही वाटलंच नाही. मग पडवीतल्या पेटीची घरघर थांबलेली जाणवली आणि मी उठून पडवीत धावले. त्या पेटीत आई होती.

आई त्याच दिवशी पहाटे गेली होती. गुडघ्याचं औषध आणायला म्हणून आप्पांसोबत नांदेडला भावाकडे आली होती. विष्णुपुरीला त्याचं घर आहे. पहाटे उठली, तोंड धुतलं, छातीत कसंतरी होतंय म्हणून सुनेला सांगितलं, आणि भाऊ गाडी बाहेर काढेपर्यंत सगळं आटोपलं. मी लातूरला असते, कॉलेजात शिकवते. सुट्ट्या लागल्या म्हणून घरात झाडझूड काढली होती. फोन आला तेव्हा माझ्या हातात जळमटं काढायचा लांब झाडू होता, आणि नवऱ्याने तो हातातून सोडवून घेतला, एवढंच त्या सकाळचं नीट आठवतं.

भावाचं म्हणणं होतं की आईला नांदेडलाच ठेवू. तिथे सगळ्या सोयी आहेत, धाकटी आली की तिथूनच गोदावरीवर नेऊ. आप्पा ऐकेनात. आमच्यात माणूस आपल्या वावरात जातं. आजोबा, आजी, चुलते, सगळे बांधावरच्या आंब्याखाली गेले. आप्पा म्हणाले, तिचं नांदेडात काय हाय, तिला तिच्या वावरात न्या. बायको जाऊन दोन तासही झाले नव्हते, त्या माणसाशी कोण वाद घालणार? भावाने काचेची शीतपेटी मिळवली आणि आईला तीत ठेवून गावी आणलं. पेटी देणाऱ्याने दोनदा बजावलं होतं की लाईट गेली तरी घाबरू नका, आतला गारवा बराच वेळ टिकतो. फक्त झाकण उघडू नका.

धाकटी म्हणजे आमची सगळ्यांत लहान बहीण. तिच्या नवऱ्याची नोकरी आसामात. तिथून विमानं बदलत हैदराबाद, आणि हैदराबादहून गाडीने गाव. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येईन म्हणाली होती. पुढच्याच आठवड्यात ती आंबे खायला येणार होती, तिकीटसुद्धा काढलेलं. आईने तिच्यासाठी आढी घालून ठेवली होती आणि नातवंडांना तिकडे फिरकू देत नव्हती. फोनवर धाकटी रडत नव्हती. ती मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती.

‘‘ताई, मला आईचं तोंड पाहू द्या. बाकी काही मागत नाही मी. तेवढं थांबवून ठेव.’’

मी हो म्हणाले. लातूरच्या घरात, गाडीची किल्ली शोधता शोधता हो म्हणाले. काय लागतं हो म्हणायला.

लेकीसाठी कोणी थांबत नाही, ही गोष्ट मला माहीत होती. मुलगा परदेशात असला तर गाव दोन दोन दिवस थांबतं, तक्रार करत नाही. लेकीचं काय, लेक तिसऱ्याला येते, दहाव्याला येते, रडून जाते. भावकीतल्या एक-दोघांनी तसं सुचवूनही पाहिलं. मुलगा इथंच आहे, मग अडलं कुठं, असं त्यांचं म्हणणं. आप्पा पडवीत पेटीच्या उशाशी बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘‘धाकटी आल्याबिगर उचलायचं न्हाई.’’ आयुष्यात आप्पांचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. आईचा शेंडेफळावर जीव होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांनाही ते कळत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग वावधान आलं. शेजारच्यांच्या गोठ्यावरचे पत्रे वरच्यावर उडून आमच्या अंगणाच्या भिंतीवर आदळले. मांडवासाठी बांधलेली ताडपत्री बांबूंसकट निघून गेली. आम्ही बायका पेटीला वेढा घालून बसलो. पेटीला काय होणार होतं, पण बसलो. पाऊस थोडाच झाला. वारं पडल्यावर भाऊ बाहेर जाऊन आला आणि त्याचा चेहरा पाहूनच मला कळलं. रस्त्यावर जुनी चिंच आडवी, तिच्यापुढे बाभळी आडव्या, आणि विजेचे खांब तर फाट्यापर्यंत झोपलेले. गावाला वीज देणारी डीपी कलंडून नाल्यात गेली होती.

लाईट येणार नव्हती. पेटी परत नांदेडला नेता येणार नव्हती. भाऊ आप्पांसमोर काही बोलला नाही, पण स्वयंपाकघरात येऊन त्याने माझ्यावर राग काढला, की मी फोनवर सांगत होतो तेव्हा तू गप्प का बसलीस. मीही त्याला दोन शब्द सुनावले. आई बाहेर आणि आम्ही दोघं आत भांडतोय. वहिनीने दार ओढून घेतलं.

तरी पहिली रात्र निभली. पलीकडच्या वाडीतल्या एका मांडववाल्याकडे जनरेटर होता. लग्नाचे दिवस, पण त्याने एका शब्दाने दिला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून वावरावावरातून आणला. तो सुरू झाला आणि पेटी पुन्हा घरघरायला लागली, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी आईला विसरून त्या यंत्राकडेच पाहत राहिले. रात्रभर चालला बिचारा. दिवस उगवायच्या सुमाराला त्याने काळा धूर सोडला आणि बंद पडला. मांडववाला दोरी ओढून ओढून घामाघूम झाला, शेवटी हात जोडून उभा राहिला. त्याला काय बोलणार?

सकाळी भाऊ मारुतीच्या देवळामागच्या माळावर चढला. गावातला टॉवरही रात्रीच गप्प झाला होता. माळावर कधीकधी तेलंगणाकडची रेंज लागते. तिथे त्याला धाकटीचा एक मेसेज मिळाला. हैदराबादहून निघाले आहे, थांबा, एवढाच. त्याने रस्त्याची हकीकत लिहून पाठवली. ती गेली की नाही ते फोनने काही सांगितलं नाही. फाट्यावर एका चुलतभावाला मोटारसायकल घेऊन बसवून ठेवलं, तिला वावरातून घेऊन यायला.

मग बर्फाच्या मागे लागलो. कारखाने बंद, कारण लाईट नाही. शेवटी कोणीतरी बाजारच्या गावातून खोक्यात घालून बर्फ आणला, पण तो मासळीवाल्याकडचा. खोकं उघडल्याबरोबर पडवीभर वास सुटला. माझी आई माळकरी. तिने आयुष्यभर मासळीची पिशवी अंगणातून जाऊ दिली नव्हती. भावाच्या मित्राने एकदा सुकट आणली तर महिनाभर त्याला घरात घेतलं नाही. सगळ्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. शेवटी आत्या, म्हणजे आप्पांची थोरली बहीण, म्हणाल्या की बर्फ धुऊन घ्या. आणि आम्ही खरोखर हंडा आणून बर्फ धुवायला बसलो. धुता धुता मला हसू फुटलं. आई असती तर तिने काय आकांत केला असता, ते डोळ्यांपुढे आलं. वहिनीही हसली. मग दोघींनाही रडू आवरेना, आणि तोवर निम्मा बर्फ हंड्यात पाणी होऊन गेला होता.

एवढं सगळं करूनही निभलं असतं, असं मला अजून वाटतं. घात केला तो मानाने. आई अहेव गेली होती, नवऱ्याच्या आधी, कपाळावर कुंकू घेऊन. आमच्याकडे त्याला भाग्याचं मरण म्हणतात. अशा बाईचा मळवट भरायचा, ओटी भरायची, पाया पडायचं आणि तिच्या कपाळाचं कुंकू बोटाने आपल्या कपाळाला लावायचं, असा रिवाज आहे. वादळाने रस्ते बंद झाले तरी बायका थांबल्या नाहीत. सकाळपासून आजूबाजूच्या वाड्यांतून, वावरांतून, चिखल तुडवत त्या येत राहिल्या. हातात पिशवी, पिशवीत खण, नारळ, कुंकवाचा करंडा. आणि प्रत्येक घोळक्यासाठी आत्या पेटीचं झाकण उघडत होत्या.

पहिल्यांदा मी नुसतं सांगितलं की झाकण उघडू नका, काचेवरून दर्शन घ्या. दुसऱ्यांदा झाकणावर हात ठेवला. तिसऱ्यांदा मी ओरडले. आलेल्या बायका हातात करंडे घेऊन खाली मान घालून उभ्या राहिल्या, आणि मला माझीच लाज वाटली. त्यात एक आईच्या बरोबरीची म्हातारी होती, खुरपायला जोडीने जायच्या दोघी. उन्हातून चालत आली होती ती.

‘‘कोणाला नको म्हनू, बाई?’’ आत्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘‘तिचा मान हाय तो. जनमभर राबली, एवढाच भेटून राहिलाय.’’

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द टाकला असता तर आत्या थांबल्या असत्या. पण आप्पा येणाऱ्या प्रत्येक बाईकडे पाहत होते. कोण कुठून आली, ते विचारत होते. आपल्या बायकोसाठी एवढी माणसं चिखलातून येतात, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. धाकटीसाठी झाकण बंद ठेवायचं आणि आईसाठी उघडायचं, या दोन्हीत त्यांच्याने निवड होईना. माझ्यानेही झाली नाही. मी हात काढून घेतला. झाकण उघडायचं, गारवा बाहेर यायचा, पायाला लागायचा, आणि मला वाटायचं की धाकटीचा वाटा चाललाय.

दुपार झाली तसं ऊन असं तापलं की आदल्या दिवशी पाऊस झाला होता हे कोणाला खरं वाटलं नसतं. काचेवर आतून पाणी धरलं. तेवढ्यात वायरमन पायी पायी येऊन डीपी पाहून गेला. चांगला माणूस होता, पेटीला हात जोडले त्याने, पण दोन-चार दिवस धरून चाला म्हणाला. त्याला चहा विचारायचीसुद्धा सोय नव्हती, कारण गल्लीत चूल पेटलेली नव्हती.

हीही एक गोष्ट सांगायला हवी. घरात मयत असली की ती उचलेपर्यंत भावकीत चूल पेटत नाही. दुसरा दिवस कलत आला होता. लेकरांना बिस्किटं देऊन झाली, केळी देऊन झाली. कोणी मागच्या दाराने वावरात जाऊन तीन दगडांवर चहा करून आले, ते आम्हाला कळलं आणि आम्ही कळल्याचं दाखवलं नाही. आत्यांना साखरेचा आजार. त्यांचे हात कापत होते तरी तोंडात काही घेईनात. एक म्हातारे चुलते भिंतीला टेकून बसल्या बसल्या कलंडले. त्यांना पाणी पाजून आडवं केलं. कोणी आम्हाला टोचून बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. ते नुसते बसून होते, आणि मी दाराशी उभी राहून फाट्याच्या दिशेला पाहत होते. तिकडून ना मोटारसायकलचा आवाज, ना माणूस. माझ्या हातात काहीसुद्धा नव्हतं. लाईट नाही, रस्ता नाही, फोन नाही. एवढी शिकलेली आम्ही भावंडं, आईचं तोंड आणखी चार तास जपून ठेवण्याची अक्कल आमच्यातल्या एकालाही नव्हती.

दिवस कलला. दिवस बुडाल्यावर आमच्यात अग्नी देत नाहीत. म्हणजे आता उचललं नाही तर आणखी एक रात्र, बर्फाशिवाय. हे सगळ्यांना कळत होतं.

मग आप्पा उठले. पेटीजवळच्या बायकांना त्यांनी हाताने बाजूला व्हायला सांगितलं. स्वतः झाकण उचललं. मी त्यांच्या मागे उभी होते. एवढ्या बायकांनी लावलेलं कुंकू ओलाव्याने ओघळलं होतं, डोळ्यांच्या खाचांत उतरलं होतं, आणि त्याखालचं तोंड सुजून बदललं होतं. ती आई होती, आणि आईसारखी दिसत नव्हती. आप्पा बराच वेळ पाहत राहिले. खांद्यावरच्या उपरण्याने त्यांनी ते कुंकू टिपायला घेतलं, पण ते आणखी पसरलं. मग त्यांनी हात थांबवला आणि लुगड्याचा पदर आईच्या तोंडावरून ओढून घेतला.

‘‘उचला,’’ ते म्हणाले.

भाऊ म्हणाला की आप्पा, ती अर्ध्या वाटेत असेल, तासाभरात येईलसुद्धा. आप्पांनी झाकण लावलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

‘‘तिनं हे तोंड न्हाई पाहायचं.’’

कोणी वाद घातला नाही. मीही नाही. फोनवर हो म्हटलेली मीच होते. सुकी लाकडं गोठ्यात होती, गवऱ्या होत्या. बाप्यांनी तिरडी उचलली. आमच्यात बायका मागे जात नाहीत. वेशीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. वाटेत मी दोनदा मागे वळून फाट्याकडे पाहिलं. आत्या म्हणाल्या, पाहू नको आता, चल.

घरी येऊन अंगण सारवलं. आई जिथे ठेवली होती तिथे पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला. पेटी अंगणाच्या कडेला कलती करून ठेवली, आतलं पाणी निथळायला. बाप्ये आंघोळी करून आले, दारात ठेवलेला कडुनिंबाचा पाला चावून आत आले आणि जागा मिळेल तिथे बसले. गल्लीत चुली पेटल्याचा धूर यायला लागला. कोणीतरी आमच्यासाठी पिठलं-भाकरी आणून ठेवली. कोणी हात लावला नाही.

तेव्हा धाकटी आली. दिवस नुकताच बुडाला होता, अजून माणूस ओळखू येत होतं. हैदराबादहून केलेली गाडी तिला पलीकडच्या गावी सोडावी लागली होती. फाट्याकडे न येता ती नाल्याच्या बाजूने, वाट विचारत विचारत, चालत आली होती. आमचा माणूस वेगळ्याच रस्त्यावर बसून होता. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, चप्पल हातात, खांद्याला पिशवी. दारातला निंबाचा पाला तिने पाहिला आणि ती तिथेच थांबली. मी उठून तिच्याकडे गेले. ती मला मारेल, असं मला वाटलं, आणि तिने मारावं, असंही वाटलं. तिने काही केलं नाही. पिशवी खाली ठेवली. पाय धुवायला पाणी द्यायचंसुद्धा कोणाला सुचलं नाही.

‘‘कशी दिसत होती, ताई?’’ तिने विचारलं.

‘‘झोपल्यासारखी,’’ मी म्हणाले.

तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीही म्हणाली, झोपल्यासारखी. आत्याही तेच म्हणाल्या, इतक्या लगबगीने म्हणाल्या की धाकटीला कळलंच. आम्हा तिघींकडे तिने जे पाहिलं ते मी विसरू शकत नाही. तिच्यासाठी ठेवायचं होतं ते आम्ही ठेवलं नव्हतं, आणि वरून आता हे. ती चिखलाच्या पायांनी सारवलेल्या अंगणातून पडवीत गेली आणि आप्पांच्या पुढ्यात उभी राहिली. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. उपरणं मुठीत धरलं होतं.

‘‘आप्पा, तुम्ही खोटं नाही बोलत. तुम्ही सांगा.’’

आप्पांनी तिच्याकडे वर पाहिलं.

‘‘मला ठाव न्हाई, माय,’’ ते म्हणाले. ‘‘शेवटाला तोंड झाकेल होतं. म्या बी न्हाई पाह्यलं.’’

भावाने मान खाली घातली. आत्या दिव्याकडे पाहत राहिल्या.

‘‘मग पाहायचे आपण दोघंच राहिलो की, आप्पा,’’ धाकटी म्हणाली आणि त्यांच्या शेजारी, त्याच भिंतीला टेकून खाली बसली.